मानसशास्त्र शिकायला बसताय? आधी एक वही आणि एक जोडीदार शोधा

बीएच्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेली मुलं, टीईटीची तयारी करणारे, नोकरी सांभाळून नुसत्या कुतूहलापोटी या विषयाकडे वळलेले लोक. कोल्हापुरात अशी मंडळी पुष्कळ आहेत. आणि बहुतेकांचं घोडं पहिल्या महिन्यातच एका ठिकाणी अडतं, ते म्हणजे व्याख्या. अवधान म्हणजे काय, संवेदन म्हणजे काय, अभिसंधान म्हणजे काय. चार ओळी पाठ करायच्या, पेपरात उतरवायच्या, विषय संपला.

माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. विल्हेल्म वुंटने १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली तेव्हापासून हा विषय माणसाला समोर बसवून, काहीतरी करायला लावून, मोजून वाढला आहे. स्मृती, अध्ययन, संवेदन आणि विचार या चार प्रकरणांचं सुख असं, की त्यातले कितीतरी प्रयोग घरच्या घरी, एका पैशाच्या खर्चाशिवाय होतात. आधी करून बघायचं, आकडा लिहून ठेवायचा, आणि मग पुस्तकात त्याला काय म्हणतात ते वाचायचं.

साहित्य: दोनशे पानी वही, मोबाईलमधलं घड्याळ, हातात मावेल एवढा आरसा आणि न कंटाळणारा एक जोडीदार. रूममेट, बहीण, अभ्यासिकेत शेजारी बसणारा, कोणीही चालेल. प्रत्येक प्रयोगाआधी आपला अंदाज वहीत लिहायचा. हे टाळू नका. निकाल बघितल्यावर ‘मला माहीतच होतं’ असं वाटायला लागतं आणि मग शिकण्यासारखं काही उरत नाही.

पाठ्यपुस्तकं बहुधा ज्ञानेंद्रियांपासून सुरू होतात. मी स्मृतीपासून सुरुवात करायला सांगतो, कारण तिथे जे कळतं ते पुढची तीन प्रकरणं वाचतानाच वापरता येतं.

पायरी १: एका दमात किती आकडे धरता येतात?

जोडीदाराला आकड्यांच्या माळा लिहायला सांगा. चार आकड्यांच्या दोन, पाचच्या दोन, असं दहापर्यंत. त्याने सेकंदाला एक आकडा या गतीने, चाल न लावता, सपाट आवाजात वाचायचं. माळ संपली की तुम्ही त्याच क्रमाने म्हणायची. एका लांबीच्या दोन्ही माळा चुकल्या की थांबा. त्याआधीची लांबी हा तुमचा आवाका.

बहुतेक जण पाच ते नऊच्या मध्ये कुठेतरी अडकतात. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये हेच ‘सात, दोन कमी किंवा दोन जास्त’ असं मांडलं, आणि तो आकडा अजूनही परीक्षेत विचारला जातो. पुढे नेल्सन कोवनने २००१ मध्ये दाखवलं की मनातल्या मनात घोकायची आणि गट पाडायची सोय काढून घेतली तर खरी मर्यादा चारच्या आसपास येते. उत्तरपत्रिकेत दोन्ही लिहा.

खरी गंमत गट पाडण्यात आहे. गाडीच्या नंबरातलं ‘एमएच ०९’ कोल्हापूरकराच्या डोक्यात एकच वस्तू म्हणून बसतं. नागालँडहून आलेल्या माणसाला ती दोन अक्षरं आणि दोन आकडे असा चार गोष्टींचा ऐवज आहे. जागा दोघांकडे सारखीच. तुमच्याकडे आधीचं ज्ञान जास्त, म्हणून तुमचं गाठोडं मोठं. स्वतःचा मोबाईल नंबर तुम्ही पाच-पाच आकड्यांत सांगत असाल, तर जोडीदाराला तो तीन-चार-तीन असा तोडून वाचायला सांगा. आपलाच नंबर क्षणभर परका वाटतो.

पायरी २: न ऐकलेला शब्द आठवतो का ते बघा

ही यादी जोडीदाराला सावकाश वाचून दाखवा: साखर, मध, पेढा, कडू, चव, गूळ, जिलेबी, खीर, ऊस, बासुंदी, आंबट, लाडू, काकवी, चॉकलेट, पुरणपोळी. दोन मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारा. मग आठवतील तेवढे शब्द लिहायला सांगा, आणि शेवटी विचारा: ‘गूळ होता का? टेबल होतं का? गोड होता का?’

‘गोड’ यादीत नाही. तरी खूप जण तो लिहितात, आणि ‘तुम्ही वाचलात, मी ऐकला’ म्हणून भांडतातही. रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये अशाच याद्या वापरल्या, तेव्हा यादीत नसलेला तो मध्यवर्ती शब्द त्यांच्या दोन प्रयोगांत ४० आणि ५५ टक्के वेळा आठवून सांगितला गेला. ऐकलेल्या शब्दांचा अर्थ मनात एकमेकांत गुंतलेला असतो, आणि आठवताना मन त्या अर्थावरून तपशील पुन्हा उभे करतं. एलिझाबेथ लॉफ्टस यांचे साक्षीदारांवरचे प्रयोग याच वाटेवरचे. १९७४ मध्ये त्यांनी आणि पामर यांनी मोटार-अपघाताची फिल्म दाखवून वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचं क्रियापद होतं तेव्हा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल आला, ‘संपर्क झाला’ म्हटल्यावर सुमारे ३२. फिल्म तीच. वाड्यातल्या भाऊबंदकीच्या गोष्टी दोन चुलते दोन तऱ्हांनी का सांगतात, आणि दोघेही खोटं बोलत नसतात, हे यानंतर थोडं समजायला लागतं.

प्रयोग झाल्यावर जोडीदाराला खरं काय ते लगेच सांगा. फसवून सोडून देणं बरं नव्हे. ही शिस्त पहिल्यापासूनच हवी.

पायरी ३: विसरण्याचा वेग मोजा, मग अभ्यासाचं वेळापत्रक करा

ही सगळ्यात लांब आणि सगळ्यात उपयोगाची पायरी. घाई करू नका.

हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकच माणूस होता: तो स्वतः. अर्थ नसलेले अक्षरगट पाठ करायचे, ठरावीक वेळ जाऊ द्यायची, आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. ही बचत वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के होती, तासाने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. म्हणजे मोठी पडझड पहिल्या दिवसातच होते, नंतर उतार मंदावतो. कॉलेजातून येऊन वही मिटून ठेवणाऱ्याने हे आकडे भिंतीवर लावावेत.

तुमचा प्रयोग असा. बारा निरर्थक अक्षरगट तयार करा: ‘टेम्’, ‘गोझ्’, ‘फिड्’ असे काहीही, फक्त अर्थ लागता कामा नये. एकही चूक न करता म्हणता येईपर्यंत पाठ करा आणि किती वेळा वाचावं लागलं ते लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच यादी पुन्हा पाठ करा. पहिल्या दिवशी पंधरा वाचनं आणि दुसऱ्या दिवशी दहा लागली, तर बचत एक तृतीयांश. बघा, ‘काहीच आठवत नाही’ असं वाटत असतानाही ही बचत निघते. आठवत नाही म्हणजे पुसलं गेलं, असं नसतं.

आता वेळापत्रक. एका बैठकीत पाच वेळा वाचण्यापेक्षा तीच पाच वाचनं दिवसांत पसरवा: आज, उद्या, तीन-चार दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. आणि नुसतं वाचू नका. पुस्तक मिटून लिहा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र पालटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के, दोनदा वाचणाऱ्यांना ४२.

इथेच बहुतेकांची फसगत होते. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळख पटणं म्हणजे येणं असं आपण धरून चालतो. हायलायटरने अख्खं पान पिवळं करणाऱ्यांबद्दल मी जास्त बोलत नाही.

पायरी ४: आरशात बघून चांदणी गिरवा

कागदावर दुहेरी रेषेची पाच टोकांची चांदणी काढा. आरसा समोर उभा करा, हातावर पुठ्ठ्याची आड धरा म्हणजे हात थेट दिसणार नाही, आणि फक्त आरशात बघून दोन रेषांमधून पेन्सिल फिरवा. वेळ आणि रेषेबाहेर गेलेल्या चुका नोंदवा. दहा वेळा करा. पहिल्या वेळी हात हट्टाने उलटीकडे जातो. दहाव्या वेळी बराच शहाणा झालेला असतो. नेमकं काय बदललं ते स्वतःला विचारा. तुम्हाला सांगता येणार नाही.

याच कामाने स्मृतीचे प्रकार वेगळे करून दाखवले. हेन्री मोलेझन या तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी १९५३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागाचा मोठा हिस्सा काढला गेला, आणि त्यानंतर नवीन घटना त्याच्या लक्षात राहीनाशा झाल्या. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशातली चांदणी दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आपण हे आधी केलंय, याची मात्र त्याला दाद नव्हती. काय घडलं याची स्मृती आणि कसं करायचं याची स्मृती वेगवेगळ्या यंत्रणांवर चालतात, याचा यापेक्षा सरळ पुरावा नवख्याला मिळणार नाही. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतल्या एखाद्या मुरलेल्या मल्लाला ‘ढाक हा डाव कसा मारता?’ विचारून बघा. तो दोन वाक्यं बोलेल आणि मग म्हणेल, ‘ये, दाखवतो.’

पायरी ५: अध्ययनासाठी दूध कट्ट्यावर जा

पाव्हलॉव्हचा कुत्रा सगळ्यांना पाठ असतो आणि समजलेला फार थोड्यांना. म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा, जिथे गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून ग्लास हातात देतात. फेसाळ दूध प्या, पण नजर म्हशीवर ठेवा.

रेडकाने ढुशा दिल्या, आचळाला हात लागला की म्हैस पान्हावते. हे शिकावं लागत नाही. स्पर्श हे नैसर्गिक उद्दीपक, पान्हा ही नैसर्गिक प्रतिक्रिया, मधलं काम ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकाचं. पण रोजच्या सरावाची म्हैस बादलीच्या खडखडाटाने, मालकाच्या हाकेनेच पान्हा सोडायला लागते. बादलीच्या आवाजात स्वतःचं असं काही नव्हतं. स्पर्शाच्या आधी तो पुन्हा पुन्हा आला म्हणून त्याला अर्थ आला. हे अभिजात अभिसंधान. पाव्हलॉव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या संशोधनासाठी. कुत्र्यांची लाळ अन्न यायच्या आधीच सुटते हे त्याच कामात लक्षात आलं. अनोळखी माणूस धारेला बसला की म्हैस दूध चोरते, हीसुद्धा नोंद वहीत करा. आणि बादली वाजत राहिली, धार मात्र निघालीच नाही, तर तो संबंध हळूहळू विरतो, त्याला विलोपन म्हणतात. तो कायमचा जात नाही. मध्ये काही काळ गेला की प्रतिक्रिया पुन्हा डोकं वर काढते.

दुसरा प्रकार साधक अभिसंधानाचा. इथे आधी कृती, मग परिणाम. थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांना कोड्याच्या पेटीत ठेवून हे दाखवलं, स्किनरने ते पुढे नेलं. सगळ्यात जास्त मार्क कुठे जातात सांगतो: ऋण प्रबलन आणि शिक्षा. ओळखायची युक्ती अशी, की कृती वाढली की घटली ते आधी बघा. वाढली तर प्रबलन, घटली तर शिक्षा. सीटबेल्ट लावल्यावर गाडीची टीं-टीं थांबते म्हणून तुम्ही बेल्ट लावायला लागता, हे ऋण प्रबलन. त्रासदायक गोष्ट गेली आणि कृती वाढली. दाभोळकर कॉर्नरला सिग्नल तोडल्यावर दंड बसला आणि तोडणं कमी झालं, ही शिक्षा. ‘ऋण’ दिसलं की शिक्षा लिहायची, ही सवय मोडा.

बक्षीस दर वेळी मिळालं तर सवय लवकर लागते. पण अधूनमधून, अवचित मिळालं तर सुटता सुटत नाही. पंचगंगेच्या घाटावर गळ टाकून बसलेल्यांना उठवून बघा, किंवा स्वतःच्या हातातला मोबाईल खाली ठेवून बघा.

बघून शिकण्यावर बांडुराचा १९६१ चा बाहुलीचा प्रयोग वाचा. मोठ्यांनी बाहुलीला बडवलेलं पाहिलेल्या मुलांनी तीच मारझोड केली. तालमीत लाल मातीच्या कडेला बसलेली चिमुरडी काय करत असतात, ते मी वेगळं सांगायला नको.

पायरी ६: डोळ्यांवर फार विश्वास ठेवू नका

कागदावर डावीकडे अधिकचं चिन्ह आणि उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठळक ठिपका काढा. डावा डोळा मिटा, उजव्याने चिन्हाकडे बघत कागद फूटभर अंतरावरून मागेपुढे करा. एका जागी ठिपका गायब होतो. डोळ्यातून मज्जातंतू जिथून बाहेर पडतो तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. आता ठिपक्यातून आडवी रेघ ओढून पुन्हा करा: ठिपका जातो, पण तिथे भोक दिसत नाही, रेघ सलग दिसते. ‘गोड’ शब्द ज्या खोडीतून आला, तीच इथे. मोकळी जागा मन भरून काढतं.

गणेशोत्सवातली धावती रोषणाई बघताना एकाच बल्बवर नजर खिळवा. तो जागचा हलत नाही, नुसता लागतो आणि विझतो. माळ मात्र पळते. मॅक्स वेर्टहायमरने १९१२ मध्ये अशाच आभासी गतीवर लिहिलं आणि तिथून समष्टिवादी (गेस्टाल्ट) विचार सुरू झाला: समग्र आकृती ही तुकड्यांच्या बेरजेपेक्षा वेगळी असते. मन तुकड्यांचे गट कसे पाडतं याचे समीपता, सारखेपणा, सातत्य, पूर्णता हे नियम इथून येतात. ते एका संध्याकाळी पाठ होतात, त्यावर फार वेळ घालवू नका.

अंतराचा अंदाज जास्त रंजक आहे. पावसाची सर पडून हवा धुतली गेली की जोतिबाचा डोंगर शहराच्या जवळ सरकल्यासारखा वाटतो. धुरकट ते लांबचं आणि स्वच्छ ते जवळचं, हा हिशोब मेंदू नकळत करत असतो. रंकाळ्यावर उगवतीचा मोठा चंद्र दिसला तर मोबाईलने फोटो काढा, आणि मध्यरात्री डोक्यावर आल्यावर तेवढ्याच झूमने पुन्हा काढा. फोटोत दोन्ही जवळपास सारखे येतात. असं का वाटतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

अवधानाचा प्रयोग महाद्वार रोडवर, सणाच्या गर्दीत करा. सोबत्याशी बोलत चाला आणि मागच्या दुकानात कोण काय घासाघीस करतंय ते नंतर लिहा. पान कोरं राहतं. पण त्याच गोंगाटात कोणी तुमचं नाव घेतलं तर मान वळते. निदान कधीकधी. नेव्हिल मोरे यांच्या १९५९ च्या प्रयोगात एका कानाकडे लक्ष देऊन ऐकताना दुसऱ्या कानात पडलेलं स्वतःचं नाव सुमारे एक तृतीयांश लोकांच्याच लक्षात आलं होतं. पुस्तकं हा आकडा गाळून ‘नाव ऐकू येतंच’ असं लिहितात.

पायरी ७: विचार करताना स्वतःला पकडा

मिसळ आणि ताक मिळून ११० रुपये. मिसळ ताकापेक्षा १०० रुपयांनी महाग. ताक कितीचं? तोंडातून ‘दहा’ निघालं असेल. पडताळा घ्या: मग मिसळ ११० ची होईल आणि बिल १२० चं. उत्तर पाच. झटक्यात सुचलेलं उत्तर तपासायला मन कसं आळस करतं, एवढंच इथे बघायचं.

चप्पल लाईनमध्ये दुकानदार आधी किंमत का सांगतो, याचं उत्तर ट्वर्स्की आणि कानमन यांच्या १९७४ च्या लेखात आहे. त्यांनी चक्र फिरवून आकडा काढला आणि मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती? चक्रावर १० आलेल्यांचा मधला अंदाज २५ टक्के, ६५ आलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काय संबंध? पण आधी कानावर पडलेला आकडा अंदाजाला आपल्याकडे ओढतो. तुम्ही हा प्रयोग पन्हाळ्याच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर करा. पाच जणांना विचारा ‘हजार फुटांपेक्षा कमी की जास्त?’, दुसऱ्या पाच जणांना ‘सहा हजारांपेक्षा कमी की जास्त?’, आणि दोन्ही गटांकडून नेमका अंदाज घ्या. दोन सरासरींतला फरक बघायचा आहे. कानमन यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सहज आठवतं ते जास्त संभवनीय वाटतं, हा त्यांचाच दुसरा मुद्दा. २०१९ किंवा २०२१ मध्ये ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलं, त्यांना पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ऐकली तरी झोप लागत नाही. काल भाड्याने राहायला आलेल्याला ४३ फुटांची धोका पातळीसुद्धा बातमीतला आकडा वाटते. दोघांचीही फूटपट्टी आठवणच आहे, एकाची भरलेली आणि दुसऱ्याची रिकामी. म्हणून पहिल्याला घाबरट म्हणू नका.

शेवटचा खेळ वेसनचा, १९६० चा. जोडीदाराला सांगा: ‘२-४-६ हा त्रिक माझ्या नियमात बसतो. तू आणखी त्रिकं सांग, मी हो किंवा नाही म्हणेन. खात्री झाली की नियम सांग.’ तुमचा नियम फक्त ‘चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे’ एवढाच. तो ८-१०-१२ म्हणेल, २०-२२-२४ म्हणेल, प्रत्येक वेळी ‘हो’ ऐकेल आणि छाती फुगवून सांगेल, ‘दोन-दोनने वाढणारे.’ १-२-९ किंवा ६-४-२ विचारून आपलाच अंदाज पाडून बघायचं सहसा कोणाला सुचत नाही.

आता पुस्तक उघडा

अकरावी-बारावीची मराठी मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. पदवीच्या मुलांनीही तिथून सुरुवात करायला लाजू नये. वाचताना समासात आपल्या प्रयोगाचा पान क्रमांक टाका.

वाटेत दोन गोष्टी भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. एक, ‘हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी’ अशी विभागणी. माणसाच्या आवडी असतात, पण त्या आवडीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकलं जातं याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात काढला. टीईटीवाल्यांनी प्रश्नाचा रोख बघून उत्तर द्यावं आणि वर्गात मात्र विसरावं. दुसरी, डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला शिकवणारी ‘मिडब्रेन’ शिबिरं. त्याला शास्त्रीय आधार नाही, फी मात्र सणसणीत असते.

व्यक्तिमत्त्व आणि बुद्धिमत्ता-मापन ही प्रकरणं मागे ठेवा. ती वाचली की माणूस लगेच नातेवाइकांचं निदान करायला लागतो. त्याआधी सांख्यिकीचं एक छोटं प्रकरण करा: सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन. पन्हाळ्याच्या उंचीचे दहा अंदाज वहीत आहेतच, तेच वापरा.